बेंजो पार्टीची तीस वर्षं
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी या वेळी मला वाजवण्याबरोबर दहा मिनिटं बोलायलाही सांगितलं आहे. दहा तास वाजव म्हणाले असते तर सोपं गेलं असतं. आपल्या वर्गातले कोणी डॉक्टर झाले, कोणी थळच्या खत कारखान्यात लागले, कोणी मुंबईला गेले, कोणी शिक्षक होऊन याच तालुक्यात शिकवत आहेत. मी दिवसा अलिबाग-रेवदंडा रस्त्यावर मिनिडोर चालवतो आणि रात्री बेंजो पार्टीत ढोलकी वाजवतो. पार्टीला तीस वर्षं होऊन गेली. तिच्याविषयीच बोलतो, कारण दुसऱ्या कशातलं मला फार कळत नाही.

मुंबई-पुण्याहून आलेल्यांसाठी आधी एक खुलासा. आमचा बेंजो म्हणजे इंग्रजी सिनेमात दिसतो तो गोल तोंडाचा बँजो नव्हे. आमचं वाद्य मूळचं जपानचं. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ साली ताइशोगोतो नावाचं वाद्य तयार केलं. लांब लाकडी खोकं, त्यावर तारा आणि टाइपरायटरसारखी बटणं. आपल्याकडे ते बुलबुल तरंग म्हणून रुळलं आणि कोकणात, मुंबईत त्याचा बेंजो झाला. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हाताने नखीने तारा छेडायच्या. पिकअप लावून भोंग्याला जोडला की मांडवातला सूर बंदरापर्यंत जातो. खाऱ्या हवेत तारा लवकर गंजतात, म्हणून वाजवून झालं की त्या कोरड्या फडक्याने पुसायच्या, हा आमच्या पार्टीचा पहिला नियम. २०१६ साली रवी जाधव यांनी रितेश देशमुखला घेऊन 'बँजो' नावाचा हिंदी सिनेमा काढला, तेव्हा आम्ही सगळे एका रांगेत बसून तो पाहिला होता.

मला नेहमी विचारतात, 'तुमचं स्वतःचं गाणं कुठलं?' एकही नाही. तीस वर्षं आम्ही दुसऱ्यांचीच गाणी वाजवली. पूर्वी कॅसेट मागे-पुढे करून एकेक ओळ बसवायचो, आता मोबाइलवर ऐकून बसवतो. पण यात कमीपणा वाटून घेण्यासारखं काही नाही. नागीणची धून घ्या. १९५४ च्या 'नागिन' सिनेमाचं संगीत हेमंतकुमार यांचं. त्यातली पुंगी ही खरी पुंगी नाही. पुढे कल्याणजी-आनंदजी या जोडीतले म्हणून गाजलेले कल्याणजी यांनी ती क्लेव्हियोलाइन नावाच्या विजेवरच्या वाद्यावर वाजवली. म्हणजे पुंगीची नक्कल त्यांनी केली आणि त्या नकलेची नक्कल गेली सत्तर वर्षं देशभरातले बँडवाले करत आहेत. तरी वरातीत ती सुरू झाली की चांगली शिकलेली माणसं तोंडात रुमाल धरून रस्त्यावर लोळतात. 'मी डोलकर' लिहिणाऱ्या शांता शेळके पुणे जिल्ह्यातल्या, लताबाईंबरोबर गाणारे हेमंतकुमार बंगालचे. पण ते गाणं आमच्या कोळीवाड्यांनी कधीच आपलं करून टाकलं. हळदीला ते वाजलं नाही तर यजमान पैसे देताना कुरकुरतो.

आता पार्टीचा हिशेब सांगतो. आम्ही आठ जण. बेंजो, कीबोर्ड, ढोलकी, ताशा, ढोल, ऑक्टोपॅड, खुळखुळा आणि भोंगे-जनरेटर सांभाळणारा एक. आमच्या धंद्यात कामाला सुपारी म्हणतात. तुळशीची लग्नं लागली की सुपाऱ्या सुरू होतात, मग वरसोलीची जत्रा, चौलची दत्ताची जत्रा, शिमगा आणि वैशाखापर्यंत लग्नं. एक जूनपासून दोन महिने मासेमारी बंद, हातात पैसा नसतो, त्यामुळे आमचंही काम थांबतं ते गणपतीपर्यंत. आलेल्या पैशाचे नऊ वाटे होतात. आठ माणसांचे आणि नववा वाद्यांचा. पार्टी ज्यांनी उभी केली आणि जे बेंजो वाजवायचे, त्यांना आम्ही सगळे दादा म्हणायचो. वाद्यांच्या वाट्याला त्यांनी कोणाला कधी हात लावू दिला नाही, स्वतःच्या घरात अडचण असतानाही नाही.

२०२० चा शिमगा वाजवून झाला आणि पंधरा दिवसांत देश बंद झाला. एप्रिल-मेच्या आमच्याकडे अकरा सुपाऱ्या होत्या. बहुतेकांनी इसार परत मागितला, तो दादांनी वाद्यांच्या वाट्यातून परत केला. माझी मिनिडोर दारात उभी, ताशेवाला कोणाच्या तरी वाडीत पाणी शिंपायला जायचा.

आणि ३ जूनला निसर्ग वादळ आलं. त्या दुपारी काय झालं ते इथल्या माणसांना मी सांगायला नको. ताशी शंभर किलोमीटरच्या वर वारा होता. अलिबागपासून मुरुड, श्रीवर्धन, दिवेआगरपर्यंत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पोफळ लावली की फळ धरायला पाच-सात वर्षं लागतात, त्यामुळे एका दुपारी अनेक घरांचं पुढच्या कित्येक वर्षांचं उत्पन्न गेलं. आमचा ताशेवाला तेव्हा म्हणाला होता, 'या साली दोन्ही सुपाऱ्या गेल्या, झाडावरच्या पण आणि वाजवायच्या पण.' हसलो आम्ही, दुसरं करणार काय?

वाद्यं ठेवायच्या खोलीचे सिमेंटचे पत्रे उडाले. कीबोर्डमध्ये पाणी शिरलं, ढोलकीच्या पुड्या भिजून फाटल्या, जनरेटर चिखलात. आमच्या वाडीत तीन आठवडे वीज नव्हती. बेंजो तेवढा वाचला, कारण दादांनी तो आदल्या रात्री प्लास्टिकमध्ये गुंडाळून घरातल्या तांदळाच्या पिंपात ठेवला होता. त्या वर्षी गणपतीत मिरवणुका नव्हत्या. दादा संध्याकाळी ओट्यावर बसून बेंजो वाजवायचे. पिकअप नाही, भोंगा नाही, शेजारच्या दोन घरांना ऐकू येईल एवढाच आवाज.

एप्रिल २०२१ मध्ये दादा कोरोनाने गेले. अठ्ठावन्न वर्षांचे होते. दवाखान्यात नेलं त्याच्या सहाव्या दिवशी. ज्या माणसाने या पट्ट्यातल्या दोन पिढ्यांच्या वराती वाजवल्या, त्याच्या शेवटच्या वाटेवर आम्हा सात जणांपैकी एकालाही जाता आलं नाही. त्यावर मी आणखी बोलत नाही. या सभागृहातल्या अनेकांच्या घरी त्या दोन वर्षांत असंच झालं आहे.

पार्टी तेव्हा संपल्यातच जमा होती. कीबोर्डवाला एका कंपनीत रखवालीला लागला, ढोलवाला बोटीवर खलाशी म्हणून गेला. पनवेलकडचा एक जण जनरेटर, भोंगे आणि बेंजो असं सगळं एकत्र विकत घ्यायला आला. भाव बरा होता आणि वहिनींना पैशाची गरज होती. आम्ही त्यांना विचारायला गेलो. त्यांनी कपाटातून दादांची वही काढली. एका सुपारीपुढे इसार परत केल्याची खूण नव्हती. रेवदंड्याकडचं एक घर, हळद दोनदा पुढे ढकललेली, पैसे त्यांनी मागितले नव्हते आणि दादांनीही दिले नव्हते. वहिनी म्हणाल्या, 'वाद्यं विकायची का ते नंतर बघू. ही सुपारी त्यांनी घेतलेली आहे, ती आधी वाजवा.'

बेंजो कोण वाजवणार, हा प्रश्न होता. दादांची मुलगी तेव्हा बारावीला होती. लहानपणापासून बापाच्या शेजारी बसून बटणं ओळखायची, पण मांडवात कधी बसलेली नव्हती. आमच्या धंद्यात मुली जवळजवळ नाहीतच. आजीने विरोध केला, गावातही दोघेचौघे बोलले. वहिनींनी कोणालाच उत्तर दिलं नाही. आम्ही दीड महिना रोज संध्याकाळी सराव केला. खलाशी झालेला ढोलवाला बोट बंदराला लागली की जाळी उतरवून थेट सरावाला यायचा.

डिसेंबर २०२१ मध्ये ती हळद झाली. मुलीला आठच गाणी येत होती. आठ वाजवून झाली की पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या फेरीला एक म्हातारी पुढे आली. मला वाटलं, आता ही तक्रार करणार. तिने मुलीच्या हातात शंभराची नोट ठेवली आणि म्हणाली, 'तुझ्या बापाने माझ्या हळदीला वाजवलं होतं.' विकत घेणाऱ्याला आम्ही दुसऱ्या दिवशी नाही म्हणून कळवलं.

आज परिस्थिती फार चांगली आहे असं म्हणणार नाही. आता डीजे आला आहे. एक माणूस, एक लॅपटॉप आणि भिंतीएवढे स्पीकर. तो आमच्यापेक्षा स्वस्त पडतो. भोंगे आमचेही मोठे, हे मी कबूल करतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत, रात्री दहाला बंद म्हणजे बंद, आणि आम्ही तो पाळतो. पण डीजेवाल्याला तुम्ही 'जरा हळू घ्या, आजीला नाचायचंय' म्हणून बघा. आमची ढोलकी आजीच्या पायाकडे बघून चालते. आमच्या एका सुपारीवर आठ घरांत रेशन भरलं जातं, हेही यजमान झालात की ध्यानात ठेवा.

दादांची मुलगी आता नर्सिंग शिकते आणि सुट्टीत येऊन वाजवते. एरवी तिच्याकडूनच शिकलेला एक मुलगा बेंजोवर असतो. दादांचा वाटा आम्ही बंद केलेला नाही. तिचं शिक्षण पूर्ण होईपर्यंत तो त्यांच्या घरी जातो. हा ठराव कोणी लिहून ठेवलेला नाही, पण तीन वर्षांत एकदाही मोडलेला नाही.

शेवटी आपल्या गुरुजनांना एक सांगायचं आहे. सर, पंधरा ऑगस्टच्या लेझीम पथकात तुम्ही मला ढोल दिलात, कारण मला पावलं जमत नव्हती. तुम्ही म्हणायचात, 'नाचणाऱ्याकडे बघ, आपल्या हाताकडे नको.' संगीताचं माझं सगळं शिक्षण एवढंच. त्यावर तीस वर्षं पोट भरलं आहे.

जेवणानंतर मैदानात आम्ही वाजवणार आहोत. फर्माईश चिठ्ठीवर लिहून द्या. नागीण लिहायची गरज नाही, ती वाजणारच आहे. नऊला सुरू करू आणि दहाला थांबू, तेव्हा जेवण वेळेवर उरका.