खरेदी आणि विचाराची सवड

श्रोतेहो, महाडहून वरंध घाटाच्या रस्त्याने निघून आत वळले म्हणजे जे शिवथरचे खोरे लागते, तेथील घळीत समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला अशी परंपरा आहे. आणि ज्या ग्रंथाने पदोपदी विवेकाचा आग्रह धरला, त्याच्या या खोऱ्यातील श्रोत्यांशी मी आज क्षणिक मोहाने होणाऱ्या खरेदीविषयी, विशेषतः तो मोह उत्पन्न करण्यासाठी मोबाईलच्या पडद्याची जी रचना केली जाते तिच्याविषयी, बोलणार आहे.

पूर्वी येथील वाडीवरच्या माणसाला लुगडे, भांडे अथवा छत्री हवी असली तर बिरवाडीची किंवा महाडची पेठ गाठावी लागे. वाटेने गरजेचा आणि गाठीच्या रकमेचा हिशेब मनात होई, आणि पुष्कळदा दुकानाची पायरी येईतो इच्छा ओसरलेली असे. ते अंतर आज उरले नाही याचा मला आनंदच वाटतो, कारण डोंगरातल्या मुलाला हवे ते पुस्तक घरपोच मिळू लागले आहे. परंतु अंतराबरोबर विचाराची सवडही हेतुपुरस्सर काढून घेतली जाते, ही गोष्ट मला गंभीर वाटते.

1999 साली ‘अमेझॉन’ कंपनीने एकाच टिचकीत खरेदी पुरी करण्याच्या पद्धतीचे अमेरिकेत पेटंट मिळवले. पत्ता आणि पैशांचा तपशील आधीच नोंदलेला असल्यामुळे ग्राहकाने थांबावे असे मध्ये काही राहिले नाही. आपल्याकडे रक्कम देताना बहुधा पिन किंवा ओटीपी विचारला जातो, तेवढीच काय ती थांबण्याची जागा. एवढ्यावरही न भागता पडद्यावर उलटे धावणारे घड्याळ दाखवावे, ‘केवळ दोनच नग शिल्लक’ असे खोटेच लिहावे, न मागितलेला विमा हिशेबात आधीच घालून ठेवावा, प्रथम अल्प किंमत सांगून अखेरीस शुल्कांची भर घालावी, आणि नकार देणाऱ्याला ‘मला बचत नको’ अशा शब्दांवर बोट ठेवायला लावून शरमिंदे करावे, असे प्रकार सर्रास चालतात. हे कौशल्य मी व्यापाराचे मानीत नाही. ती विश्वासाची अफरातफर आहे.

ग्राहकाची संमती आधीच खूण करून गृहीत धरू नये, असा नियम 2020 साली झाला. पुढे 30 नोव्हेंबर 2023 रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा 13 फसव्या रचनांना मनाई केली. कायद्याचा अंमल असत्यावर चालतो. परंतु जी घाई संपूर्ण सत्य सांगून लावली जाते, तिला कायदा कोठे अडवणार? तेथे जबाबदारी रचनाकाराच्या सदसद्विवेकबुद्धीवर येते.

याच्या उलट रचना मराठी माणसाने करून दाखविलेली आहे. बिंदुमाधव जोशी आणि संगीतकार सुधीर फडके यांच्या पुढाकाराने 1975 साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीत शेजारची कुटुंबे संघ करतात, महिन्याच्या जिनसांची मागणी आगाऊ नोंदवतात, आणि एकत्र खरेदी केलेला माल आपसांत वाटून घेतात. ते मागणीपत्रक हाही ग्राहकासमोर मांडलेला पडदाच होय. पण घरातल्या माणसांनी एकत्र बसून, डब्यांत काय शिल्लक आहे ते पाहून तो भरावा, अशी त्याची घडण आहे, आणि म्हणूनच मला ती अधिक सुसंस्कृत वाटते.

महाड-पोलादपूरकडची जी तरुण मंडळी पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांत असे पडदे घडवीत असतील, त्यांना माझी विनंती आहे की, एकूण किंमत पहिल्याच पानावर मराठीत दाखवा, रद्द करण्याचे बटण खरेदीच्या बटणाएवढेच ठळक ठेवा, आणि मागणी नोंदविल्यावर ती विनाशुल्क परत घेण्यास निदान एका रात्रीची मुदत द्या. आणि श्रोतेहो, आपली फसगत झालीच तर गप्प बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे, आणि तेथे तक्रार मराठीतूनही नोंदवता येते.