उरलेल्या शेवाळाचं मोल

क्लोरेला हे नुसत्या डोळ्यांना न दिसणारं, एकाच पेशीचं हिरवं शेवाळ. तैवानमध्ये त्याचा अर्क काढून पौष्टिक म्हणून विकतात. अर्क निघाला की मागे चोथा उरतो आणि तो स्वस्तात पशुखाद्यात जातो. याची हळहळ वाटते, कारण या चोथ्यात निम्म्याहून अधिक प्रथिनं असतात!

तिथल्या संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या कामात हाच चोथा हाती घेतला. त्यात पेप्सिन मिसळलं. आपल्या जठरात डाळ-उसळ पचवायला लागतं तेच हे विकर. प्रथिनाची लांबलचक माळ त्यानं तोडली, तुकडे सुटे झाले. या तुकड्यांना म्हणतात पेप्टाइड. ते वेगळे करून तपासता तपासता अवघ्या ११ अमिनो आम्लांचा, म्हणजे या माळेतल्या ११ मण्यांचा, एक तुकडा हाती आला. पेशींना इजा करणाऱ्या मुक्त मूलकांना तो निष्प्रभ करतो, आणि विशेष म्हणजे पाचक विकरांपुढेही टिकून राहतो.

ही सारी तपासणी मात्र परीक्षानळीतली आणि पेशींवरची. तेव्हा क्लोरेलाच्या गोळ्या औषध समजून घेऊ नका. घ्यायच्याच असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.