वही आपली, कुलूप कोणाचे?

(मालवण येथे लहान व्यावसायिक आणि सहकारी संस्थांचे कार्यकर्ते यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर.)



सॉफ्टवेअर आणि कायदा हा पुण्या-मुंबईच्या कंपन्यांचा विषय. मालवणच्या बाजारपेठेशी त्याचा काय संबंध, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात असेल. वस्तुस्थिती अशी आहे की कंपन्यांपाशी पगारी वकील आहेत, आपल्यापाशी ते नाहीत. म्हणून हा विषय त्यांच्याहून आपला अधिक आहे. तारकर्ली-देवबागेतील निवास-न्याहारीची खोली आज मोबाइलवरून ठरते. बागायतदार आंब्याच्या पेट्यांचा हिशेब संगणकात ठेवतो. मच्छिमार संस्थेचा डिझेलचा हिशेब, छापखान्यातील अक्षरजुळणी, पतसंस्थेचे पासबुक, या साऱ्यांच्या मागे कोणी तरी लिहिलेली एक आज्ञावली आहे. तिच्याबरोबर एक करारपत्रही येते. बहुधा इंग्रजीत, बारीक टायपात, आणि शेवटी 'मान्य आहे' असे एक बटण. ते बटण आपण सर्वांनी दाबलेले आहे. १८७२ च्या करार कायद्याला सही शाईची की बोटाची याचे फारसे अगत्य नाही. आणि करार इलेक्ट्रॉनिक रीतीने झाला एवढ्याच कारणाने तो अवैध ठरत नाही, हे माहिती तंत्रज्ञान कायद्यातील २००८ च्या दुरुस्तीने स्पष्टच केले आहे. तेव्हा आपण करारबद्ध आहोत. कशाने, ते पाहू.

आपल्या कॉपीराइट कायद्याने, म्हणजे १९५७ च्या कायद्याने, संगणकाच्या आज्ञावलीला १९८४ च्या दुरुस्तीत 'साहित्यकृती'च्या पंक्तीत बसविले. कादंबरी आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर एकाच पंगतीला बसलेले पाहून आपले साहित्यिक मित्र हसतील, पण कायद्याच्या दृष्टीने ती दोन्ही भावंडे आहेत. १९९४ च्या दुरुस्तीने आणखी एक पाऊल टाकले. पुस्तकाची चोरटी प्रत वाचणारा वाचक गुन्हेगार नाही, परंतु आज्ञावलीची चोरटी प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणारा मात्र गुन्हेगार आहे. कलम ६३-ब प्रमाणे शिक्षा किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. वापर नफ्यासाठी वा व्यापारधंद्यात नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकते. याचा अर्थ असा की घरी अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला जी सवलत मिळू शकते ती कणकवलीच्या झेरॉक्सवाल्याला मिळणार नाही. संगणक दुरुस्त करणाऱ्याने 'सगळे टाकून देतो' म्हटले आणि आपण मान डोलावली, तर 'जाणूनबुजून' या शब्दाभोवती आपला बचाव फिरणार आहे. कलम ६४ प्रमाणे फौजदाराच्या दर्जाचा पोलीस अधिकारी वॉरंटाशिवाय चोरट्या प्रती जप्त करू शकतो. म्हणून पावती जपून ठेवा. पावती हाच येथे सातबारा.

पण कायदा एकतर्फी आहे असे मात्र कोणी समजू नये. प्रत रीतसर विकत घेतलेली असेल तर ती नष्ट होण्याच्या भीतीने राखीव प्रत करून ठेवण्याचा हक्क कलम ५२ आपल्याला देते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने या किनाऱ्याची काय दशा केली ते आपणांस मी सांगायला नको. ज्यांच्या हिशेबाची दुसरी प्रत दुसऱ्या गावी होती त्यांना त्या हक्काची किंमत कळली असेल.

दुसरी भीती दाखविली जाते ती 'दिल्लीला खेचू' अशी. कॉपीराइटच्या मालकाला आपण जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो तेथे दावा लावण्याची मुभा कायद्याने दिली आहे, आणि तिचा वापर दूरच्या लहान माणसाला नमविण्यासाठी होऊ शकतो. परंतु २०१५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे महाराष्ट्रातील एका चित्रपटगृहमालकाचे प्रकरण आले. संगीताच्या हक्कांची संस्था मुंबईची, चित्रपटगृहे महाराष्ट्रातली, तक्रारीचे कारण येथलेच, आणि दावा मात्र दिल्लीत! न्यायालयाने सांगितले की तक्रारीचे कारण जेथे घडले तेथेच वादीचे कार्यालय असेल तर त्याने तेथेच यावे. ही मुभा वादीच्या सोयीसाठी आहे, प्रतिवादीच्या छळासाठी नाही. हा निकाल आपल्या वकिलाला अवश्य दाखवावा. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ कोल्हापुरात बसू लागले आहे आणि सिंधुदुर्ग त्याच्या कक्षेत आहे. घाट चढावा लागतो, पण मुंबईची रात्रीची गाडी तरी चुकली.

आता ज्या मुद्द्यावर आपल्या संस्था हमखास फसतात तो सांगतो. समजा, एका संस्थेने एका तरुण संगणकतज्ज्ञाला लाखभर रुपये देऊन आपल्यापुरते सॉफ्टवेअर लिहून घेतले. पैसे संस्थेचे, कल्पना संस्थेची, सभासदांची माहिती संस्थेची. मग सॉफ्टवेअर कोणाचे? दहापैकी नऊ संचालक 'आमचे' म्हणतील, आणि दहापैकी नऊ चुकतील. तो तरुण संस्थेचा पगारी नोकर असता आणि नोकरीचा भाग म्हणून त्याने ते लिहिले असते, तर एरवी मालकी संस्थेची झाली असती. तो बाहेरचा कंत्राटदार असेल तर लेखी हस्तांतर झाल्याशिवाय कॉपीराइट त्याचाच राहतो. संस्थेला मिळतो तो केवळ वापर. हे हस्तांतर कलम १९ प्रमाणे लेखी आणि देणाऱ्याच्या सहीचे हवे. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरतो. म्हणजे घाईघाईने 'सर्व हक्क संस्थेला दिले' एवढीच ओळ लिहून घेणारा चिटणीस सहाव्या वर्षी पुन्हा परक्याच्या दारात उभा! म्हणून मुदत लिहा, प्रदेश लिहा, आणि मूळ आज्ञावली, जिला तज्ज्ञ 'सोर्स कोड' म्हणतात, ती कोणाकडे राहील तेही लिहा. त्या तरुणावर अन्याय करा असे मी म्हणत नाही. त्याचेही श्रम आहेत, त्याचा मोबदला पुरता द्या. पण तो उद्या बंगळूरला नोकरीला गेला तर संस्थेच्या वहीला कुलूप आणि किल्ली त्याच्या खिशात, हे होऊ देऊ नका.

तयार सॉफ्टवेअर घेतले तर काय? तेथे आपण मालक नाही, परवानाधारक. कोकणातल्या माणसाला हे नाते समजावून सांगण्याची गरज पडू नये. खोताच्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या राबणारे कूळ हे यापेक्षा फार वेगळे नव्हते. खोती १९४९ च्या कायद्याने गेली, आणि कसणाऱ्या कुळाला मालकीकडे नेणारा कूळकायद्यातील १ एप्रिल १९५७ चा दिवस आला तो चळवळीच्या बळावर. सॉफ्टवेअरच्या कुळाला असा कायदा नाही. पूर्वी प्रत एकदा विकत घेता येई; आता बहुतेक ठिकाणी वार्षिक वर्गणी आहे. वर्गणी थकली की पडदा बंद, आणि पडद्याबरोबर आपलीच दहा वर्षांची खातेवहीही बंद. यातली गंमत पाहा. २००४ साली टाटा कन्सल्टन्सी विरुद्ध आंध्र प्रदेश या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की तयार सॉफ्टवेअर ही विक्रीकराला पात्र अशी 'वस्तू' आहे. २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने परदेशी कंपन्यांना तयार सॉफ्टवेअरसाठी दिलेली रक्कम कॉपीराइटची रॉयल्टी नव्हे, ती मालाची किंमत होय असे म्हटले. कराच्या प्रश्नापुरते हे निकाल आहेत, हे मान्य. पण ग्राहकाच्या मनात प्रश्न उरतोच: कराच्या वेळी मी माल घेतला, मग हक्काच्या वेळी माझ्या हाती फक्त परवानाच कसा?

अशा करारातील जुलमी अटींविरुद्ध काही आधार आहे का? १९८६ साली ब्रोजोनाथ गांगुली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की दोन पक्षांच्या बळात जमीन-अस्मानाचे अंतर असेल आणि दुबळ्याला 'घ्या नाही तर जा' एवढाच पर्याय असेल, तर अन्याय्य अट सार्वजनिक धोरणाविरुद्ध म्हणून रद्द ठरते. परंतु त्याच निकालात, दोन्ही पक्ष व्यापारी असतील तर हे तत्त्व लागू होणार नाही असेही म्हटले आहे. कंपनीचा वकील हेच वाक्य वाचून दाखवील. तेथे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याकडे वळावे. व्यापारी कारणासाठी घेणारा 'ग्राहक' नसतो, पण केवळ स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठी घेणारा ग्राहक असतो. दोन खोल्या स्वतः चालविणारे दांडीचे कुटुंब या व्याख्येत बसण्याचा आग्रह धरू शकते, आणि 'अन्याय्य करारा'ची तक्रार राज्य आयोगापुढे नेऊ शकते. यशाची हमी मी देत नाही; पण हा दरवाजा आहे आणि तो फारसा ठोठावला गेलेला नाही.

निवास-न्याहारीवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पर्धा आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबिबो यांना २२३.४८ कोटी आणि ओयोला १६८.८८ कोटी रुपये दंड ठोठावला. आयोगाने ज्या अटी काढायला लावल्या त्यांतील एक अशी होती की हॉटेलमालकाने दुसऱ्या संकेतस्थळावर कमी दर लावू नये. स्वतःच्या ओसरीवर बसून स्वतःच्या खोलीचा दर ठरविण्याची ज्याला मोकळीक नाही, तो धंद्याचा मालक कसला? आपल्या करारात अशी अट असेल तर ती मुकाट्याने पाळण्यापूर्वी वकिलाला दाखवा.

पुराव्याचा प्रश्न याहून गंभीर आहे, कारण उद्या उधारी वसूल करायला गेलात तर संगणकातील खातेच पुढे करावे लागेल. त्याच्या कागदावरील छापील प्रतीला न्यायालयात प्रमाणपत्राची जोड लागते. या बाबतीतला प्रमुख निकाल आपल्याच राज्यातला, जालन्याचा आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीत आले की नाही हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रीकरणावरून ठरायचे होते, आणि अधिकारी प्रमाणपत्र देईनात. अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मात्र ज्याने ते मिळविण्यासाठी शक्य ते सारे केले आणि तरी समोरच्याने दिले नाही, त्याला कायदा अशक्य गोष्टीची सक्ती करीत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ ने प्रमाणपत्राचे दोन भाग केले: एक संगणक सांभाळणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. आचऱ्याच्या किराणा दुकानदाराने पाच हजारांच्या उधारीसाठी तज्ज्ञ कोठून आणायचा, याचा विचार हा मसुदा करणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. तोवर कागदी वहीवर उधारी घेणाऱ्याची सही घेण्याची जुनी रीत सोडू नका.

आता शेवटचा विषय. तो दुकानाचा नाही, दर्याचा आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते नौकांवर ट्रान्सपाँडर बसविण्याच्या योजनेचा आरंभ झाला. तेरा किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेश, एक लाख नौका, ३६४ कोटी रुपये. वादळाची सूचना बोटीवर पोहोचावी, संकटात निरोप पाठविता यावा, हा हेतू चांगला आहे. २०१७ च्या ओखी वादळात जे खलाशी परतले नाहीत त्यांची आठवण ज्याला आहे तो या यंत्राला विरोध करणार नाही. मीही करीत नाही. पण हे यंत्र नौका कोठे आहे तेही सांगते. मासा कोठल्या खडपात, कोणत्या वाऱ्यात मिळतो हे ज्ञान बापाने मुलाला दिलेले असते. रापणीत जसा प्रत्येकाचा वाटा ठरलेला, तसे ते ज्ञानही वाडीच्या मालकीचे. हजार नौकांच्या हजार फेऱ्यांची नोंद एकत्र केली की त्या ज्ञानाचा नकाशा तयार होतो. पर्ससीनच्या मोठ्या मालकाच्या हाती तो पडला तर फेब्रुवारी २०१६ च्या शासन आदेशाने घातलेले निर्बंध पारंपरिक मच्छिमाराला कितपत तारतील?

या नकाशाचा मालक कोण? कॉपीराइट कायदा अशा माहितीचे, तिची रचना मौलिक नसेल तर, रक्षण करीत नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम व्यक्तीच्या माहितीचे रक्षण करतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, व्यवसायांवरील मुख्य कर्तव्यांना त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत आहे, आणि सुरक्षा न राखणाऱ्यास अडीचशे कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. सभासदांचे आधार क्रमांक टेबलावर उघडे ठेवणाऱ्या पतसंस्थांनीही हा आकडा ऐकून ठेवावा. पण नौकेची जागा ही खलाशाची वैयक्तिक माहिती की नौकेची, आणि वाडीच्या सामूहिक ज्ञानाचे काय, याला त्या अधिनियमात उत्तर नाही. शिवाय केंद्र सरकार अधिसूचना काढून स्वतःच्या यंत्रणांना त्यातून मोकळे करू शकते. आणि याच अधिनियमाने माहितीच्या अधिकारातील वैयक्तिक माहितीचे कलम असे बदलले आहे की नकाशा कोणाला दिला हे विचारायला गेलेल्या कार्यकर्त्याची वाट अरुंद व्हावी.

कायदा बदलता येत नाही असे नाही. डिसेंबर २००४ मध्ये वटहुकमाने सॉफ्टवेअरच्या पेटंटला दार किलकिले करण्यात आले होते. संसदेत डाव्या पक्षांनी आणि बाहेर मुक्त सॉफ्टवेअरच्या कार्यकर्त्यांनी विरोध केला आणि २००५ च्या कायद्यात ते दार बंद झाले. हे घडले तेव्हा वृत्तपत्रांत औषधांच्या पेटंटचीच चर्चा होती, त्यामुळे पुष्कळांना याची वार्ताही नाही.

तेव्हा मच्छिमार संस्थांनी येत्या वार्षिक सभेत एक ठराव मांडावा: नौकांच्या फेऱ्यांची माहिती सुरक्षिततेशिवाय कोणत्याही कामासाठी, विशेषतः कोणत्याही खाजगी कंपनीला, संस्थेच्या लेखी संमतीवाचून देऊ नये, आणि आजवर ती कोणाकोणाला दिली ते मत्स्यव्यवसाय खात्याने संस्थेला लेखी कळवावे. ठरावाचा मसुदा मराठीत करून मी येथे आणला आहे. त्यातील शब्द तुम्हीच तपासा. नौका तुमच्या आहेत.