मोकळा तास

वेळापत्रकातील रिकामी चौकट विश्रांतीची मानावी की आळसाची, हा विद्यार्थिजीवनातला जुनाच प्रश्न आहे. अमेरिकेतील माध्यमिक शाळेच्या अखेरच्या, म्हणजे बारावीच्या वर्षात मात्र त्या प्रश्नावर महाविद्यालयाचा प्रवेशही काही अंशी अवलंबून असतो.

भारतात बारावी म्हटली की वर्षअखेरची परीक्षा डोळ्यांपुढे उभी राहते. अमेरिकेत क्रम निराळा आहे. तेथे प्रवेशाचे अर्ज वर्ष अर्धे सरण्यापूर्वीच जातात. काही महाविद्यालयांची मुदत नोव्हेंबरात संपते, तर पुष्कळांची जानेवारीच्या सुमारास. त्या वेळी बारावीचे गुण पूर्णपणे हाती आलेले नसतात. दिसते ती विद्यार्थ्याने निवडलेल्या विषयांची यादी. म्हणून ती निवडच एक प्रकारची साक्ष ठरते. त्याच शाळेतील इतरांच्या मानाने या विद्यार्थ्याचा अभ्यासक्रम कितपत कठीण आहे, असे अनेक महाविद्यालये शाळेच्या समुपदेशकालाही विचारतात. जे विषय शाळेत शिकवलेच जात नाहीत, ते न घेतल्याचा दोष विद्यार्थ्याकडे जात नाही, हा या तुलनेतला न्याय होय.

येथे दोन मोह संभवतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाला शाळेतील वर्षभराचे १५ ठरावीक अभ्यासक्रम लागतात आणि त्यांपैकी ११ अखेरच्या वर्षापूर्वीच पुरे व्हावे लागतात. उद्योगी मुलाचे हे ओझे लवकर उतरते. मग गणित सोडावे, परभाषा सोडावी आणि दुपारीच घर गाठावे, असे त्याला वाटू लागते. परंतु अमेरिकेच्या शिक्षण खात्याने १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या क्लिफर्ड एडलमन यांच्या अभ्यासात असे आढळले की, शाळेत बीजगणिताच्या दुसऱ्या अभ्यासक्रमापुढे गणित शिकलेल्यांची पदवी पुरी होण्याची शक्यता दुपटीहून अधिक होती.

दुसरा मोह याच्या उलट आहे. १९५५ पासून कॉलेज बोर्ड चालवीत असलेले महाविद्यालयीन पातळीचे प्रगत विषय एकदम पाच-सहा घ्यायचे, वर खेळ, वाद्यवृंद आणि अर्जांचे निबंध! किशोरवयीनांना रोज आठ ते दहा तास झोप हवी, असे तेथील निद्रावैद्यकाच्या अकादमीने २०१६ साली सांगितले. ती झोप कापून मिळवलेली विषयांची संख्या गुणपत्रिकेवर उणीच उमटण्याचा संभव असतो.

इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास आणि परभाषा हे पाच विषय झेपतील त्या पातळीवर चालू ठेवून एक तास मोकळा ठेवणाऱ्याने काही गमावलेले नसते. शरद ऋतूत तो तास निबंधांना मिळतो, वसंतात पदार्थविज्ञानाच्या उदाहरणांना. एवढे पथ्य मात्र पाळावे लागते की, अर्जात लिहिलेला विषय महाविद्यालयाला न कळवता सोडू नये आणि प्रवेश मिळाल्यावर हात सैल सोडू नये. वर्षअखेरीची गुणपत्रिकाही महाविद्यालयाकडे जाते, आणि गुण फारच घसरले तर दिलेला प्रवेश काढून घेतला जाऊ शकतो.

शाळा संपल्यावर पुढे काय असते? महाविद्यालयात आठवड्याला सुमारे पंधराच तास वर्ग भरतात; उरलेला वेळ विद्यार्थ्याच्या स्वाधीन असतो. तेथे घंटा होत नाही, कोणी हजेरीला बोलावीतही नाही. बारावीतला एक मोकळा तास ज्याने स्वतः बसून सार्थकी लावला, त्याला हे स्वातंत्र्य परके वाटत नाही.