रिकाम्या हाताने बाहेर पडायचं

(वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



आज मला बाईच्या सुट्टीबद्दल बोलायचं आहे. मारहाण, पोटगी, रेशन या आपल्या नेहमीच्या विषयांपुढे हा विषय किरकोळ वाटेल. पण वस्तीतल्या बैठकीत मी विचारते, ‘‘काही काम नसताना, नुसतं फिरायला तुम्ही शेवटच्या कधी गेला होतात?’’ तेव्हा बायका आधी हसतात आणि मग गप्प होतात. त्या गप्प होण्याचा अर्थ लावायला हवा.

रविवारची सुट्टी कुणी आपण होऊन दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांनी ती झगडून मिळवली. २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या होत्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. पण ती सुट्टी गिरणीतली! घरातली चूल रविवारीही पेटायचीच. आजही चित्र फारसं बदललेलं नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार, घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला २८९ मिनिटं जातात. असं काम करणाऱ्या पुरुषाची ८८. म्हणजे तिचे पावणेपाच तासांहून जास्त आणि त्याचा जेमतेम दीड तास.

गेल्या डिसेंबरात एका रविवारी मी आणि माझी मोठी बहीण दिवसभर भटकलो. लालबागच्या चिवडा गल्लीत चिवडा घेतला, मसाल्याच्या गल्लीत शिंकत शिंकत भाव विचारले. हिंदमाताला तासभर कापडं पाहिली, घेतलं एकही नाही. मग पूल ओलांडून दादरचा फुलबाजार, रानडे रोड, आणि शेवटी शिवाजी पार्कचा कट्टा. लहानपणी एका चादरीत झोपणाऱ्या आम्ही दोघी, पण इतकं सलग बोलणं कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

या एका दिवसासाठी ताईने आदल्या रात्री उसळ करून ठेवली होती, कणीक मळून ठेवली होती. निघताना सासूबाईंना सांगितलं, ‘‘मसाल्याचं सामान संपलंय.’’ ‘बहिणीबरोबर फिरायला जाते’ हे कारण पुरेसं नव्हतं. वाटेत तिने चहा नाकारला, पाणीही बेतानेच प्यायली. कारण, ‘‘मग जायचं कुठे?’’ कट्ट्यावर बसल्यावर म्हणाली, ‘‘पिशव्या जरा पुढे ठेव गं. नाहीतर लोकांना वाटेल, या बायका इथे करतात काय!’’ शेजारी चार पुरुष बसले होते. त्यांच्या हातात काहीच नव्हतं आणि त्यांना कुणी काही विचारतही नव्हतं.

बाईची पिशवी ही अशी परवान्यासारखी असते. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी ‘व्हाय लॉयटर’ या २०११ च्या पुस्तकात मुंबईच्या संदर्भात हेच मांडलं आहे : बाहेर असण्याचं कारण बाईला सतत दाखवावं लागतं. त्याच वर्षी मुंबईत ‘राइट टू पी’ मोहीम सुरू झाली. पुरुषांना मुतारी फुकट आणि बाईला पैसे, असं का, हा तिचा साधा सवाल होता. ताईचा न घेतलेला चहा आणि हा सवाल एकच आहे.

पण आमची ही सुट्टी कुणाच्या कामावर उभी होती? फुलबाजारातली शेवंती विकणारी बाई म्हणाली, ‘‘रविवारी तर धंदा. आमची सुट्टी पाऊस देतो.’’ २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीवरच्या विक्रेत्यांच्या प्रतिनिधींत एक-तृतीयांश स्त्रिया हव्यात. त्या जागा नावापुरत्या न राहता बाजारातल्या संडासाचा, सावलीचा प्रश्न तिथे गाजला पाहिजे. घरकामगार बाईचंही तेच. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, पण आठवड्याची भरपगारी सुट्टी अजून मालकिणीच्या मर्जीवर आहे. आणि मालकिणी तर आपल्यातही आहेत.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. एक, प्रत्येक गटाने आपल्या भागातल्या बाजारात फिरून स्त्रियांचे संडास किती, उघडे किती, पैसे किती घेतात, याची नोंद करावी आणि ती घेऊन वॉर्ड ऑफिसात जावं. दोन, ज्यांच्या घरी कामाला बाई येते, त्यांनी या महिन्यापासून तिला ठरलेली भरपगारी सुट्टी द्यावी. तीन, महिन्यातून एकदा गटाने मिळून बाहेर पडावं, पिशवी न घेता. घरी काय सांगायचं, असं विचारलंत तर खरं तेच सांगा : फिरायला जातोय. यावर घराघरांत जे वाद होतील, ते पुढच्या बैठकीत मांडूया. आपलं काम तिथून पुढे सुरू होईल.