आढ्यावरचे गाव

कौलारू घराच्या आढ्यावर पडलेला पाऊस क्षणार्धात दुभंगतो. निम्मा अंगणाकडच्या पागोळ्यांतून गळतो, निम्मा परसात उतरतो. धारवाडची वस्ती अशाच एका आढ्यावर वसलेली आहे. गावाच्या दक्षिणेस सोमेश्वराच्या देवळापाशी शाल्मला उगम पावते व पुढे बेडतीस मिळते. तेच पाणी सह्याद्री उतरून गंगावळी या नावाने गोकर्णानजीक अरबी समुद्रास जाते. पूर्वेच्या उतारावरचे पाणी मात्र ओढ्याओढ्यांनी मलप्रभेत, तेथून कूडलसंगमास कृष्णेत आणि अखेर बंगालच्या उपसागरात जाते. पाणी असे ज्या रेषेवर विभागते तिला जलविभाजक म्हणतात, आणि ज्या भूभागाचे पाणी एकाच वाटेने बाहेर पडते, तो त्या प्रवाहाचा पाणलोट होय. नगरपालिकेची किंवा तालुक्याची हद्द पाणी जाणत नाही. त्याला ठाऊक असतो तो केवळ ढाळ.

आढ्यावर राहणाऱ्याची अडचण अशी की, त्याच्याकडे वरून वाहत येणारे पाणी नसते. आभाळातून पडेल तेवढेच त्याचे. म्हणून या भागातील पूर्वजांनी तळी बांधली. हुबळीचे उणकल, धारवाडचे केळगेरी आणि कविवर्य द. रा. बेंद्रे यांच्या निवासाने प्रसिद्ध झालेली साधनकेरी ही त्यांतील परिचित नावे; कानडीत केरे म्हणजे तळेच. गेल्या शतकाच्या मध्यास बेडतीच्या पाणलोटात नीरसागर जलाशय झाला. पुढे शहरे वाढली, तशी सौंदत्तीजवळच्या नविलतीर्थ येथील मलप्रभेच्या धरणातून पाणी उपसून आणावे लागले. मलप्रभा उगवते खानापूर तालुक्यातील कणकुंबीस, आणि तिलाही पाणी पुरेना म्हणून शेजारच्या म्हादई खोऱ्यातील कळसा व भांडुरा या नाल्यांकडे दृष्टी वळली. 2018 साली लवादाने त्यांतून मलप्रभेकडे वळविण्यासाठी 3.90 अब्ज घनफूट पाणी कर्नाटकास दिले. तथापि गोव्याची चिंता त्याने मिटली नाही आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आपल्या आढ्यावरचे पाणी निसटू दिले की शेजाऱ्याच्या परसातील विहिरीकडे पाहावे लागते, ते असे.

याच्या उलट चित्र उताराच्या तळाशी दिसते. बेण्णीहळ्ळ नावाचा ओढा हुबळी व नवलगुंदच्या काळ्या रानातून मलप्रभेकडे जातो. उन्हाळ्यात तो क्षीण असतो. परंतु 2019 च्या अतिवृष्टीत त्याने काठची शेते बुडविली. याचे मर्म जमिनीत आहे. काळी जमीन उन्हाने भेगाळते आणि पहिल्या सरी त्या भेगांतून पिऊन टाकते. एकदा भिजली की ती फुगते, भेगा मिटतात, आणि नंतरचा पाऊस आत न मुरता माती घेऊन धावत सुटतो. वर घरे, रस्ते आणि फरसबंदी वाढली असेल तर ही धाव अधिकच जोराची होते. अवर्षण आणि पूर ही दोन संकटे निराळी दिसली तरी एकाच दोषाची ही दोन रूपे आहेत. पाणी उतारावर थांबत नाही, हा तो दोष.

त्यावरचा उपाय माथ्यापासून आरंभावा लागतो. माथ्यावर गवत व झाडे राखावी, समपातळीत चर खणावे. मधल्या शेतांत उताराला आडवी पेरणी व बांधबंदिस्ती करावी. नाल्याचा बांध सर्वांत शेवटी. वरची माती न आवरता खाली बांध घातला, तर तो थोड्या वर्षांतच गाळाने भरतो. शिवाय एकच रीत सर्व जमिनींना मानवत नाही. पश्चिमेकडच्या तांबड्या जमिनीत समपातळीचा बांध पाणी जिरवितो. काळ्या रानात तोच बांध पाणी तुंबवून पीक कुजवितो आणि फुटतोही. तेथे बांधाला किंचित ढाळ देऊन जादा पाणी सांडव्याने शेततळ्यात न्यावे; काळ्या मातीत ते सहसा पाझरून जात नाही. 2001 पासून कर्नाटकातील ज्या पाच जिल्ह्यांत ‘सुजला’ पाणलोट योजना राबविली गेली, त्यांत धारवाडही होता. गावकऱ्यांचे गट करून त्यांच्याच विचाराने कामे आखावी, हे तिचे सूत्र होते. ते योग्यच, कारण बांध सरकारने घातला तरी तो दरवर्षी सावरणारा हात गावचाच असतो.

तग धरणारा पाणलोट म्हणजे संकट न येणारा पाणलोट नव्हे. अतिवृष्टीचा वेग जेथे मंदावतो आणि अवर्षणात ओल टिकते, तो तग धरणारा. हुबळी-धारवाडकरांनी हे विशेषेकरून ध्यानी घ्यावे. कारण आढ्यावर राहणाऱ्यास वरचा शेजारी नसतो, आणि म्हणून दोष देण्यासही कोणी नसतो. त्याच्या हयगयीचे फळ भोगणारे शेजारी मात्र दोन्ही उतारांवर, थेट दोन समुद्रांपर्यंत पसरलेले असतात.