पुढची ओढ, मागचा रेटा
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)

व्यासपीठावरचे आपले सर आणि बाई, आणि समोर बसलेल्या दहावी १९८८ च्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी मला दहा मिनिटे दिली आहेत आणि विषय दिला आहे 'माझा छंद'. शाळेत हा निबंध आला की मी दरवर्षी 'पोस्टाची तिकिटे जमवणे' लिहायचो. माझ्याकडे तिकिटे कधीच नव्हती. आज खरे सांगतो. माझा छंद म्हणजे वडिलांची जुनी मारुती ८००. पुढच्या चाकांवर चालणारी ती गाडी मी मागच्या चाकांवर चालणारी केली आणि तिच्यात जिप्सीचे इंजिन बसवले. आमच्या घरात या छंदाला वेगळा शब्द आहे, तो बाईंसमोर सांगत नाही.

ही गाडी १९८३ च्या डिसेंबरात बाजारात आली, तेव्हा आपण सहावीत होतो. शाळेसमोर पहिली मारुती उभी राहिली त्या दिवशी मधली सुट्टी संपल्याची घंटा आपल्यापैकी कुणीच ऐकली नव्हती. तोपर्यंत आपल्याला माहीत होत्या त्या अ‍ॅम्बॅसेडर आणि फियाट. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना आणि दोन्हींना जोडणारा लांब प्रोपेलर शाफ्ट मधून. त्या शाफ्टसाठी गाडीच्या तळाला उंचवटा असायचा आणि मागे मधे बसणाऱ्याचे गुडघे हनुवटीला लागायचे. मारुतीत इंजिन आडवे बसवले होते, शेजारीच गिअरबॉक्स आणि तिथूनच ताकद पुढच्या चाकांना. आडवे इंजिन आणि पुढच्या चाकांना ताकद ही मांडणी अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी १९५९ च्या मिनी गाडीत केली आणि ती जगभर गेली. शाफ्ट नाही, उंचवटा नाही, वजन कमी. म्हणून तर साडेतीन मीटरपेक्षाही छोट्या गाडीत आपली कुटुंबे मावली.

मग एवढे शहाणपणाचे काम उलटे कशाला करायचे? उत्तर आपल्या विज्ञानाच्या सरांनी आठवीत दिले होते. सरांनी विचारले होते, एसटी सुटली की उभा माणूस मागे का झुकतो? आपण सगळे 'जडत्व' म्हणून ओरडलो. गाडीचेही तसेच होते. वेग घेताना तिचा भार मागच्या चाकांवर जातो आणि पुढची चाके हलकी होतात. मूळ इंजिन ७९६ सीसीचे, सदतीस अश्वशक्तीचे; तेवढ्याने फारसे बिघडत नाही. पण १२९८ सीसीचे, ऐंशी अश्वशक्तीचे इंजिन लावले की हलकी झालेली पुढची चाके जागीच फिरू लागतात. शिवाय वळवण्याचे कामही त्यांचेच. मागची चाके ओढीला लावली तर उलट होते. जितका रेटा द्यावा तितकी ती जमिनीत रुततात. फ्रान्सच्या रेनॉने १९८० मध्ये आपल्या छोट्या रेनॉ ५ चे असेच केले होते. मागचे आसन काढून तिथे इंजिन ठेवले आणि मागची चाके फिरवली. म्हणजे कल्पना माझी नव्हतीच. रेनॉकडे कारखाना होता, माझ्याकडे कोल्हापूरचे उद्यमनगर आणि आपल्याच वर्गातला एक लेथवाला मित्र. तो आज तिसऱ्या रांगेत बसला आहे. नाव घेतलेले त्याला आवडणार नाही.

लोकांना वाटते, इंजिन बसवले की झाले. इंजिन दोन रविवारांत बसले. बाकीच्याला तीन वर्षे लागली. इंजिन आडव्याचे उभे केले तर त्याचा सम्प स्टिअरिंगच्या रॅकवर आला, म्हणून सम्प कापून पुन्हा घडवला. मारुतीला वेगळी चासी नसते, पत्र्याची पेटीच सगळा भार उचलते. गिअरबॉक्स आणि शाफ्टला जागा करायला त्या पेटीचा तळ मधोमध कापायचा होता. कापण्याआधी मित्राने दरवाज्यांच्या चौकटीत लोखंडी पाइप वेल्ड करून घेतले, नाहीतर कापल्यावर दरवाजे परत लागले नसते. पेट्रोलची टाकी डिकीत गेली. मागे जुन्या ओम्नीचा एक्सल बसवला, कारण ओम्नीही मागच्या चाकांवर चालते आणि रुंदीला जवळपास तेवढीच आहे. पण ते क्राऊन-पिनियन छोट्या इंजिनाच्या मापाचे. दुसऱ्याच महिन्यात त्याचे दात गेले. मग जुन्या, अरुंद जिप्सीचा एक्सल शोधून आणला. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन सारखे नसतील तर गाडी थरथरते, हे ती थरथरल्यावर कळले.

अशी गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, हेही सांगतो, कारण इथे काहीजणांची मुले गाड्यांची शौकीन आहेत. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केले आहे. कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल चालत नाही. मी नोंदणी रद्द करून घेतली. गाडी ट्रेलरवरून जाते आणि एका ओळखीच्यांच्या पड जमिनीवर आखलेल्या मातीच्या वाटेवर फिरते.

आता जे सांगायला उभा राहिलो ते सांगतो.

पुढच्या चाकांना ताकद जायची बंद झाली, म्हणून मी पुढचे दोन्ही एक्सल काढून टाकले. मित्र म्हणाला, "एक्सल काढ, पण बाहेरच्या जॉइंटचा स्टब कापून आत ठेव. तो नुसती चाके फिरवत नाही. त्याच्या नटानेच हब आणि बेअरिंग आवळून धरलेले असते." मला ते उगीच वजन वाटले. बाजारातून दोन मोठे बोल्ट आणले, वॉशर घातले, आवळले. आठवड्याने त्याने विचारले, "स्टब ठेवलेस ना?" मी म्हणालो, "हो, ठेवलेत."

पहिल्या चाचणीला तो माझ्या शेजारी बसला. माझ्या शब्दावर बसला. चौथ्या फेरीला डावीकडून गुरगुर आली. मी म्हटले, टायर घासत असेल. पुढच्या वळणावर हब बाहेर आला, चाक निसटले, गाडीचे नाक मातीत रुतले आणि आम्ही बाजूवर आडवे झालो. मला खरचटले. त्याची कॉलरबोन मोडली. दीड महिना त्याचे लेथ बंद होते आणि त्या लेथवर त्याचे घर चालते.

मी सगळ्यांना सांगितले, बेअरिंग जुने होते. इथल्या निम्म्या लोकांनी माझ्या तोंडून हेच ऐकले आहे. हात गळ्यात असताना तो माझ्या शेडमध्ये आला, पडलेला हब उचलून पाहिला, आतला वाकलेला बोल्ट काढून खिशात टाकला आणि काही न बोलता निघून गेला. हात बरा झाल्यावर परत आला तेव्हा पिशवीत दोन स्टब होते. माझ्याच टाकून दिलेल्या एक्सलचे, लेथवर स्वच्छ करून आणलेले. दोन्ही त्याने स्वतः बसवले, नट आवळले, पिना घातल्या. पैसे घेतले नाहीत. ना कधी तो विषय काढला, ना तो बोल्ट कुणाला दाखवला.

बेअरिंग नवे होते. बोल्ट माझा होता आणि खोटेही माझे होते. त्याने मला चारचौघांत उघडे पाडले नाही, म्हणून चारचौघांत मीच सांगणे भाग होते. याहून मोठे चारचौघे मला मिळणार नाहीत. मित्रा, माझे चुकले. त्या दीड महिन्याचा हिशोब मी अजून दिलेला नाही, तो देऊ दे.

गाडी बाहेर वडाखाली ट्रेलरवर आहे. मैदानावर चालवायची परवानगी मुख्याध्यापकांनी नाकारली आणि योग्यच केले. जेवणानंतर बॉनेट उघडून दाखवीन. सर, आपण याच आणि पुढचे चाक हलवून बघा. ते आता घट्ट आहे.